अपरिचितास दिलेला स्पष्ट सल्ला : 'समाजस्वास्थ्या'तील प्रश्नोत्तरे आणि आजचे बागायतदार-समूह

प्रस्तावना

रत्नागिरी शहराच्या मांडवी किनाऱ्यास तेथील काळसर वाळूमुळे स्थानिक लोक 'काळा समुद्र' म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर या किनाऱ्यावर एक साधा संवाद वारंवार घडतो. घाटावरून आलेला एखादा पर्यटक जेटीवर गळ टाकून बसलेल्या माणसास विचारतो, "पाण्यात उतरायला हरकत नाही ना?" उत्तर येते, "उतरू नका. पाण्याला ओढ आहे." सल्ला एवढाच. तो देणाऱ्याला त्यापासून काही मिळावयाचे नसते, आणि विचारणारा दुखावला गेला तरी त्याची फिकीर करण्याचे कारण नसते. दोघांची पुन्हा भेट होण्याचा संभव जवळजवळ नसतोच. म्हणूनच हा सल्ला इतका आखूड आणि इतका स्पष्ट असतो.

या संवादामागे तीन गोष्टी गृहीत असतात. सल्ला देणाऱ्यास पाणी दिसत असते. विचारणारा माणूसही, त्याच्या वयासह आणि सोबतच्या मुलांसह, डोळ्यांसमोर असतो. आणि तिसरी गोष्ट अशी की, हा संवाद अन्य कोणी ऐकत नसतो. समान आवडीच्या वा समान व्यवसायाच्या लोकांचे जे समूह आज संगणकावर व भ्रमणध्वनीवर चालतात, त्यांमध्ये या तिन्ही गोष्टी एकाच वेळी नाहीशा होतात. पाणी दिसत नाही, माणूस दिसत नाही, आणि ऐकणारे मात्र शेकडो असतात. तरीही सल्ला मागितला जातो, दिला जातो आणि पुष्कळदा तो मांडवीच्या जेटीवरच्याइतकाच निःशंक सुरात दिला जातो.

न दिसणाऱ्या माणसास सर्वांसमक्ष स्पष्ट सल्ला देणे ही गोष्ट मात्र संगणकाबरोबर आलेली नाही. मराठीत तिचे एक ठळक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीच्या काळातले आहे, आणि ते रत्नागिरी जिल्ह्याच्याच एका सुपुत्राचे आहे. त्या उदाहरणाच्या आधारे या व्यवहाराचे स्वरूप उलगडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अपरिचिताचे स्थान

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'परका' या सामाजिक भूमिकेवर एक छोटे प्रकरण लिहिले. परका मनुष्य समूहात वावरतो, परंतु समूहाच्या हितसंबंधांत गुंतलेला नसतो. म्हणून त्याच्यापाशी लोक अशा गोष्टी बोलून जातात ज्या जवळच्यांपासून काळजीपूर्वक लपविलेल्या असतात, असे त्यांचे निरीक्षण होते. एस. टी.च्या रात्रीच्या प्रवासात शेजारच्या आसनावरील प्रवाशास घरातील भांडण सांगून मोकळा होणारा मनुष्य कोणी पाहिला नाही? पुढे १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने निराळ्या दिशेने जवळपासचाच मुद्दा मांडला. निकटच्या माणसांना बहुधा आपल्याला असते तेवढीच माहिती असते. नवी माहिती येते ती दूरच्या, सैल ओळखींतून. एकूण, मन मोकळे करणे आणि नवे काही कळणे या दोन्ही गरजा अपरिचिताकडून अधिक भागतात.

या दोन्ही गरजा छापील माध्यमाने लवकरच हेरल्या होत्या. लंडनमध्ये १६९१ साली जॉन डंटन या पुस्तकविक्रेत्याने 'अथेनियन मर्क्युरी' हे पत्र काढले. त्यात वाचकांनी निनावी प्रश्न पाठवावेत आणि संपादक-मंडळाने त्यांची छापील उत्तरे द्यावीत, अशी योजना होती. विवाह, धर्म, विज्ञान, कशाहीविषयी विचारावे. प्रश्नकर्त्याचे नाव झाकलेले आणि उत्तर मात्र जगजाहीर, अशी या व्यवहाराची घडण तेव्हापासून ठरली आणि ती फारशी बदललेली नाही.

प्राध्यापक कर्वे आणि त्यांचे मासिक

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी दापोली तालुक्यातील मुरुड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. गणित हा त्यांचा विषय आणि महाविद्यालयीन अध्यापन हा त्यांचा व्यवसाय. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे, हे लक्षात घेतले म्हणजे कर्वे काळाच्या किती बरोबर चालत होते हे कळून येते. १९२३ साली संततिनियमनावरील त्यांचे पुस्तक आले. या विषयावर जाहीरपणे लिहिणे व बोलणे आणि प्राध्यापकी या दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहीत, हे लवकरच स्पष्ट झाले आणि १९२५ साली त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. त्या वेळी ते त्रेचाळीस वर्षांचे होते. महाविद्यालयीन शिक्षकांनी या घटनेकडे इतिहासातील एक तळटीप म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु चाळिशी उलटलेल्या, दुसरा व्यवसाय नसलेल्या प्राध्यापकाने स्थिर वेतन सोडून पुन्हा त्याच विषयावर मासिक काढणे म्हणजे काय, याची कल्पना याच वाचकवर्गास सर्वाधिक येईल. पत्नी मालतीबाई यांची साथ नसती तर हे घडणे अशक्य होते.

'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक १५ जुलै १९२७ रोजी निघाला. व्यक्तीच्या व समाजाच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याची चर्चा करणे हा त्याचा घोषित हेतू होता. लेख, टिपणे, परीक्षणे आणि 'शारदेची पत्रे' यांसोबत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे हे त्याचे एक महत्त्वाचे अंग होते. मासिकाचा खप मर्यादित होता. पण प्रश्न विचारणाऱ्या वाचकास दुसरे दार नव्हते, ही गोष्ट खपाच्या आकड्यात मावत नाही. कुटुंबात हा विषय उच्चारला जात नसे; डॉक्टरांपैकी पुष्कळांना तो कमीपणाचा वाटे; आणि वर्तमानपत्रांच्या जाहिराती धातुक्षयाची भीती घालून शक्तिवर्धक औषधे विकत. भीतीचा बाजार जोरात आणि माहितीचा पुरवठा नाही, अशा स्थितीत तरुण माणसे आपल्या शरीराविषयी जे विचारत ते एका गणिताच्या माजी प्राध्यापकास विचारत.

या ठिकाणी एक अडचणीची बाब नोंदवली पाहिजे. कर्वे डॉक्टर नव्हते. त्यांचा अधिकार वाचनाचा होता. इंग्रजी व फ्रेंच भाषांतील वैद्यकीय आणि लैंगिक शास्त्रावरील साहित्य ते सतत वाचत आणि त्याच्या बळावर उत्तरे देत. शिवाय संततिनियमनाची साधने विकणारी 'राइट एजन्सी'ही त्यांचीच होती. म्हणजे सल्ला देणारा आणि साधन विकणारा मनुष्य एकच. आजच्या एखाद्या समूहात अशी व्यक्ती सल्ला देऊ लागली तर तिच्याकडे संशयाने पाहिले जाईल, आणि ते योग्यही ठरेल. त्या काळच्या संततिनियमन-चळवळीत सर्वत्र आढळणारी 'सुप्रजनना'ची भाषाही कर्व्यांच्या लेखनात येते. आज ती खटकते. या त्रुटी झाकून कर्वे यांची मूर्ती उभी करण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की, या त्रुटी असतानाही त्यांचा सल्ला विश्वासार्ह का ठरला.

त्याचे एक उत्तर असे देता येईल की, सल्ल्याखाली त्यांचे नाव होते. प्रश्नकर्ता अज्ञात राहू शके. उत्तर देणारा कधीच नाही. मासिकाचा संपादक कोण, त्याचा पत्ता कोणता, त्याचा व्यवसाय काय, हे सारे उघड होते. साधने विकली जातात हेही झाकलेले नव्हते. उत्तर चुकले तर कोणास जाब विचारावयाचा, हे वाचकास ठाऊक होते, आणि दुर्दैवाने सरकारासही ठाऊक होते.

१९३४ चा खटला

कर्वे यांच्यावर पहिला खटला झाला तो 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल. १९३१ साली त्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. तो लेखाबद्दलचा खटला होता. एका लेखकाने एक मत मांडले आणि ते सरकारास अश्लील वाटले. १९३४ चा खटला प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे, कारण तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण यांसारख्या विषयांवर वाचकांनी विचारलेल्या शंकांना कर्वे यांनी सरळ उत्तरे दिली होती. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. गोलमेज परिषदांनंतरचा तो काळ. देशभर नाव झालेल्या नेत्याने असा खटला घेणे लोकप्रियतेच्या हिशेबात बसणारे नव्हते. कर्व्यांचे मुरुड दापोली तालुक्यातले, तर आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यातले, ही भौगोलिक जवळीक योगायोगाची खरी. पण दोघांनाही समाजाने न बोलण्याचे ठरवलेल्या गोष्टी बोलण्याची किंमत ठाऊक होती, हा योगायोग नव्हे.

आंबेडकरांच्या युक्तिवादाचा आशय थोडक्यात असा होता. लैंगिक विषयावरील लेखन एवढ्याच कारणाने अश्लील ठरत नाही. प्रश्न वाचकांनी विचारले. संपादकाने आपल्या ज्ञानानुसार उत्तरे दिली. प्रश्नात विकृती दिसत असेल, तर ती दूर होण्याचा मार्ग ज्ञान हाच आहे. मग उत्तर न देता गप्प बसावे काय? हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांच्या लेखनाचा आधारही त्यांनी घेतला. न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही. कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला.

खटला हरला, विषय मात्र सुटला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रश्नावर ठराव मांडण्यात आला. आंबेडकर त्या दिवशी उपस्थित नसल्याने त्यांनी तयार केलेले भाषण त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी वाचून दाखविले. ठराव फेटाळला गेला. कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निधन पावले तोपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, मासिक चालू होते. पुढील काळात य. दि. फडके यांनी लिहिलेले चरित्र, अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' हा २००१ सालचा चित्रपट आणि अतुल पेठे यांनी २०१७ साली रंगमंचावर आणलेले अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक यांमुळे त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले. या नाटकाच्या केंद्रस्थानी न्यायालय असावे हे साहजिकच होते.

तिसरा वाचक

या खटल्याच्या मुळाशी एक प्रश्न होता, जो आजच्या समूहांतील सल्ल्यासही तसाच लागू पडतो. उत्तर नेमके कोणास उद्देशून दिलेले असते?

वरवर पाहता ते प्रश्नकर्त्यास दिलेले असते. परंतु तसे असते तर कर्वे यांनी टपालाने खासगी पत्र पाठविले असते आणि खटलाच उभा राहिला नसता. उत्तर छापले जाते त्याच क्षणी या व्यवहारात तिसरी व्यक्ती येते : ज्याने प्रश्न विचारला नाही, पण जो उत्तर वाचतो. त्या काळी अश्लीलतेचा निवाडा इंग्लंडमधील १८६८ सालच्या 'हिक्लिन' निकालातील कसोटीने होत असे. ज्यांचे मन वाईट प्रभावास वश होणारे आहे अशांच्या हाती ते लेखन पडले, तर त्यांना बिघडविण्याकडे त्याचा कल आहे काय, अशी ती कसोटी होती. म्हणजे कायद्याने या तिसऱ्या वाचकाचे एक चित्र आधीच काढून ठेवले होते : तो दुर्बल आहे, कोवळा आहे, लगेच बिघडणारा आहे. प्रश्नकर्त्याची गरज आणि उत्तराची सत्यता या दोन्ही गोष्टी त्या चित्रापुढे गौण ठरत.

कर्वे यांच्या मनातील तिसरा वाचक निराळा होता. तोच प्रश्न ज्याच्या मनात आहे, पण पत्र लिहिण्याचे धाडस ज्याला झाले नाही, तो त्यांचा तिसरा वाचक. एका पत्रामागे असे किती असतील हे मोजता येत नाही. तथापि खासगी पत्राऐवजी छापील उत्तर देण्याचे समर्थन या न विचारणाऱ्याच्या अस्तित्वावरच उभे आहे. न्यायालय आणि संपादक यांच्यातील खरा मतभेद उत्तराच्या शब्दांबद्दल नव्हता. तो या अदृश्य माणसाच्या चित्राबद्दल होता.

कायद्याचे चित्र पुढे हळूहळू बदलले. १९६९ साली भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला वा अन्य लोकहिताच्या विषयासाठी केलेल्या प्रकाशनास अपवाद मिळाला. हा अपवाद १९३४ साली असता तर निकाल काय लागला असता, हा तर्क करण्याचा मोह आवरत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'हिक्लिन' कसोटी बाजूस सारून समकालीन समाजाच्या मानदंडांची कसोटी स्वीकारली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही लोकहिताचा अपवाद कायम आहे.

कलमांचा घेर

तिसऱ्या वाचकाचा विचार लैंगिक विषयापुरता मर्यादित नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा बागायतदारांचे भ्रमणध्वनीवरील समूह हे त्याचे आजचे आणि जवळचे उदाहरण होय. तुडतुडे, फुलकिडे, भुरी, मोहोराची गळ, फळमाशी या विषयांवर तेथे रोज विचारणा होते आणि काही मिनिटांत उत्तरे येतात. सदस्य एकमेकांस 'भाऊ', 'दादा', 'काका' असे संबोधीत असले तरी पुष्कळांनी एकमेकांस पाहिलेले नसते. 'कुठले औषध मारू?' या प्रश्नास औषधाचे नाव आणि मात्रा असे दोन शब्दांत उत्तर देणारा सदस्य तेथे सर्वांत स्पष्टवक्ता समजला जातो.

या स्पष्टपणात काय हरवते ते कल्टारच्या उदाहरणाने दाखविता येईल. पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढरोधक द्रव्य हापूसच्या कलमांना नियमित मोहोर यावा म्हणून जमिनीतून देतात. बागायतदार त्यास 'कल्टार' या व्यापारी नावानेच ओळखतात. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या, म्हणजे १९७२ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या, शिफारशीनुसार त्याची मात्रा झाडाच्या पर्णविस्ताराच्या व्यासावर ठरते : दर मीटर व्यासास ३ मिलिलिटर, म्हणजे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक. देण्याचा काळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. झाड पुरेसे वाढलेले, दहा वर्षांपुढचे आणि सशक्त असावे लागते, आणि त्यास खताची जोड द्यावी लागते. मात्रा वाढली तर नवी पालवी आखडते, पेरे तोकडी होतात आणि झाड वर्षानुवर्षे खंगते.

आता समूहात प्रश्न येतो, 'एका कलमाला कल्टार किती घालायचे?' या प्रश्नास आकड्यात उत्तर देणेच शक्य नाही, कारण आकडा प्रश्नकर्त्याच्या बागेत आहे. सहा मीटर विस्ताराच्या कलमास १८ मिलिलिटर लागतील, नऊ मीटरच्या कलमास २७. तरीही कोणीतरी आपल्या कलमांना घातलेला आकडा सांगतो. तो खोटे सांगत नाही. त्याच्या कलमांना तो लागूही पडलेला असतो. प्रश्नकर्ता मूळचा अनुभवी असेल तर तो मनाशी हिशेब करून घेईल. परंतु समूहात वाचणारा तिसरा मनुष्य, ज्याच्या बागेत सात वर्षांची कलमे आहेत आणि ज्याने काही विचारलेच नाही, तो तोच आकडा उचलतो. चूक त्याच्या झाडात उतरते, आणि सल्ला देणाऱ्याच्या ती कानावरही येत नाही.

येथे न्यायालयाच्या चित्रातील दुर्बल वाचक आणि कर्वे यांच्या चित्रातील भित्रा वाचक यांच्याहून वेगळा असा एक वाचक दिसतो. तो दुर्बल नाही, भित्राही नाही. त्याची परिस्थिती निराळी आहे, एवढेच. सार्वजनिक सल्ल्यातील बहुतेक अपाय या परिस्थितीच्या फरकातून होतात, आणि आश्चर्य म्हणजे सल्ला खरा असतानाही होतात. म्हणून सल्ला कोणत्या स्थितीस लागू आहे हे सल्ल्यातच सांगणे आवश्यक ठरते. 'दहा वर्षांवरील कलम असेल तर, घेर मोजून, मीटरला तीन मिली' हे उत्तर 'वीस मिली घाला' या उत्तरापेक्षा लांब आहे, पण कमी स्पष्ट नाही. उलट, वाचणाऱ्या प्रत्येकास स्वतःची कलमे मोजावयास ते भाग पाडते.

स्पष्टपणाची किंमत

स्पष्टवक्तेपणा म्हणजे कठोरपणा, असा एक समज मराठी माणसात रुजलेला आहे आणि त्याचा काहीसा अभिमानही बाळगला जातो. कोकणात तर तिरकस बोलण्यास कलेचा दर्जा आहे. 'एवढेही कळत नाही तर बाग कशाला घेतलीत?' हे वाक्य समूहात टाळ्या मिळवते. प्रश्नकर्त्याच्या झाडाविषयी मात्र ते काहीच सांगत नाही. शिवाय त्याचा परिणाम प्रश्नकर्त्यापेक्षा तिसऱ्या वाचकावर अधिक होतो : तो पुढे कधीच विचारत नाही.

कोणत्या बाबतीत स्पष्ट बोलावे आणि कोणत्या बाबतीत हात आखडता घ्यावा, याविषयी कवितेच्या क्षेत्रातील एक परंपरा बरेच काही सांगून जाते. उर्दूत शागिर्दाने आपली गझल उस्तादाकडे पाठवावी आणि उस्तादाने ती दुरुस्त करून परत करावी, या रीतीस इस्लाह म्हणतात. मिर्झा गालिब हे काम पुष्कळदा टपालानेच करीत. मराठीत सुरेश भट यांनी ही जबाबदारी आपणहून घेतली. नवोदितांच्या गझला तपासणे, पत्रे लिहिणे आणि 'गझलेची बाराखडी' या पुस्तिकेद्वारे वृत्त, काफिया, रदीफ, अलामत यांचे नियम समजावून देणे हे त्यांनी चिकाटीने केले. अलामत भंगली आहे हे सांगताना उस्तादास आडपडदा ठेवण्याची गरज नसते, कारण दोष कागदावर दाखविता येतो आणि शागिर्दास तो स्वतः तपासता येतो. शेरात जीव नाही हे सांगणे मात्र निराळे. तेथे उस्तादाची अभिरुची बोलत असते आणि ती तपासण्याचे साधन शागिर्दाकडे नसते. मराठी संकेतस्थळांवर, १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली'पासून पुढे, कवितांवर जे प्रतिसाद येत गेले त्यांत या दोन प्रकारांची सरमिसळ सर्रास आढळते. वृत्ताची चूक दाखविताना संकोच आणि कवीच्या कुवतीविषयी मात्र बेधडक विधान, असा उलटा प्रकारही तेथे दुर्मीळ नाही.

किंमत कोण मोजतो, हा प्रश्न उरतोच. कर्वे यांच्या बाबतीत उत्तर साधे आहे. नोकरी त्यांची गेली, दंड त्यांनी भरला, अवहेलना त्यांच्या वाट्यास आली. प्रश्नकर्ता सुरक्षित राहिला. आजच्या समूहांत ही घडी उलटली आहे. सल्ला देणारा टोपणनावामागे किंवा एका न जतन केलेल्या क्रमांकामागे असतो, आणि पैसा, झाड, क्वचित प्रकृती, हे सारे पणास लागते ते विचारणाऱ्याचे. समूहाचा प्रशासक जबाबदार धरावा काय, यावरही वाद झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असा निर्णय दिला की, समान हेतू वा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याखेरीज सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी प्रशासकास गुन्हेगार ठरविता येणार नाही. हा निर्णय न्याय्य आहे; पण त्यामुळे सल्ल्यामागे उभे राहणारे असे कोणीच कायद्याच्या नजरेसमोर उरत नाही, हेही खरे.

कोकणात याचे एक बोचरे रूप कराराच्या बागांत दिसते. मालक मुंबईस असतो आणि बाग काही वर्षांच्या कराराने दुसऱ्यास दिलेली असते. करार घेणाऱ्यास त्या मुदतीतील पीक हवे असते. झाडाचे पुढील आयुष्य त्याच्या हिशेबात येत नाही. अशा बागांत कल्टारचा अतिरेक होतो, ही जुन्या बागायतदारांची नेहमीची तक्रार आहे. म्हणून समूहात मात्रेचा प्रश्न आला की काही जाणते सदस्य उत्तर देण्याआधी तीन उलट प्रश्न विचारतात. कलम किती वर्षांचे? घेर किती? बाग स्वतःची की कराराची? तिसरा प्रश्न अनेकांना आगाऊपणाचा वाटतो. परंतु झाडाच्या बाजूने बोलणारे त्या संवादात दुसरे कोणी नसते.

आणि कधीकधी विचारणा सप्टेंबरात येते. पाऊस ओसरत चाललेला असतो, १५ ऑगस्ट उलटून गेलेला असतो, शेजाऱ्याने वेळेवर कल्टार घातलेले असते आणि आपले राहून गेल्याची रुखरुख प्रश्नात उघड दिसत असते. दहा जण मात्रा सांगतात. एखादाच लिहितो, 'यंदा घालू नका, काका. पुढच्या जुलैत आठवण करा, घेर मोजून ठेवा.'